ऑस्ट्रिया वाट्याला आल्यावर

चिठ्ठी उघडलीस आणि तोंड पडलं तुझं.
पडणारच, एर्विन. लाल ठोकळे कुणालाच नको असतात.
युरोपच्या मधोमध घर, चारी बाजूंनी दारं,
आणि कडी एकाही दाराला नाही.

बस. ओव्हरकोट राहू दे अंगात.
इग्नाचच्या या मागच्या खोलीत
बोरा वारा खिडकीच्या फटीतून शिरतो
आणि थेट रुमानियापर्यंत पोचतो.
मागच्या डिसेंबरात माझं एक आरमार असंच
टेबलाखाली गेलं. अजून सापडलेलं नाही.

पहिलं म्हणजे, नकाशाकडे बघू नकोस.
तो पाठ होतो. माणसं बघ.
इटली आज नीवेसकडे आहे.
बंदरावर क्रेन चालवते ती,
उचलण्याआधी वजन दोनदा तोलते.
सगळ्यात आधी तिला गाठ.
म्हण, तू दक्षिणेला जा, ट्यूनिस तुझं,
आपल्यातली सीमा रिकामी ठेवू.
गयावया करू नकोस. अडला हरी होऊन गेलास
तर ती पाय तर देईलच धरायला,
वर लाथही देईल.

सर्बिया पहिल्याच वर्षी घे.
ग्रीसची घाई नको.
तुर्क सावेरिओ गोड बोलेल, बोलू दे,
तो कोपऱ्यात बसलाय, त्याला वेळच वेळ आहे.
तुला नाही.

मी चाळीस वर्षं जकातीत कॉफीची पोती मोजली.
एक शिकलो:
खोटं बोलणारा नेहमी नेमका आकडा सांगतो.
‘चारशे बारा पोती, साहेब.’
खरं बोलणारा डोकं खाजवतो.
टेबलावर कुणी तीन वर्षांची योजना
तारीखवार मांडायला लागला,
की सैन्य मागे घे.

आणि तू स्वतः?
खोटं एकच जवळ ठेव.
या वाऱ्यात शेवटची काडी जपतात तसं.
दुसऱ्या वर्षी ओढलीस तर सातव्या वर्षी
अंधारात बसशील,
आणि घर फिरलं की वासे फिरतातच,
तुझेच बुडापेस्ट, तुझंच व्हिएन्ना
दुसऱ्याच्या रंगात दिसायला लागतं.

हो, आपलं गाव आहे ना नकाशावर.
त्रिएस्ते. नखाएवढं.
इथे प्रत्येक जण पहिल्या डावाला ते वाचवायला धावतो
आणि बाकी सगळं घालवतो.
मीही घालवलंय. रडलो नाही,
पण त्या रात्री बंदरावरून उलट्या वाटेने घरी गेलो.

राहिला तुल्लिओ. गुरांचा डॉक्टर, आज रशिया.
त्याच्या आणि तुझ्या मध्ये हा तुकडा बघ, गॅलिशिया.
अंगठा ठेवला की झाकतो.

माझ्या आजोबांचा थोरला भाऊ, युस्त,
इथल्याच स्टेशनवरून तिकडे गेला होता.
चौदाचा ऑगस्ट. पेटीवादक होता, कुणी विचारलं नाही.
एकच कार्ड आलं:
चिखल फार आहे, बीट पिकतं, मोजे पाठवा.
मोजे पाठवले.

खेळात कसं असतं, ठाऊक आहे तुला.
एकाच जागी दोघं सारख्या बळाने निघाले,
तर कुणीच आत जात नाही.
दोन्ही ठोकळे आपापल्या घरी उभे राहतात,
जणू निघालेच नव्हते.
सगळ्या नियमावलीत मला हाच नियम आवडतो.
दरवेळी वाचताना थोडा वेळ थांबतो तिथे.

असो. वाळू संपत आली.
दाराबाहेर जा, तुल्लिओ सिगारेट ओढतोय.
त्याला सरळ सांग, मी गॅलिशियात निघतोय, तूही नीघ.
तो हसेल. हो म्हणेल.
मग शाईने लिही, पेन्सिलने नको:
सैन्य, व्हिएन्ना ते गॅलिशिया.

आणि तो खोटं बोलला असेल, तर
पुढच्या गुरुवारी भेटू.
कॉफी तुझ्याकडून.