हायसं

सोहारला मंगळवारी, दुपारच्या नमाजानंतर,
डॉक्टर मुनीरा खुर्ची ओढून समोर बसते.
बलुची घरातली; हिंदी माझ्यापेक्षा बरी.
दोन बोटं उभी करते, एकात चांदीची अंगठी,
मेंदी नखांपाशी तेवढी उरलेली.
हात डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे.
मान हलवायची नाही. फक्त डोळे.

"चित्र कोणतं?"
चौदा नंबरची टाकी. परांचीची तिसरी फळी.
खगेंद्रचा बूट, एकच, फळीवर राहिलेला.
"शून्य ते दहा, त्रास किती?"
आठ.
"काय वाटतं?"
डर, म्हणतो मी. आठ महिने हेच म्हणतोय,
कंपनीच्या फॉर्मवर, पोलिसांच्या कागदावर,
फोनवर बायकोला.
भीती सोयीची. पुढचं कुणी विचारत नाही.

"अंगात कुठे?"
छातीत शोधलं. पोटात शोधलं.
सापडलं ते उजव्या तळव्यात:
हूक कड्यात बसल्याचा खट्.
माझा बसलेला.
त्याचा लोंबत होता हे मला दिसलं होतं की नव्हतं,
अजून सांगता येत नाही.

"तिथेच राहा." बोटं चालूच.
आणि वर आलं त्याला मला हिंदी नाव येईना.
डर नव्हे. दुःखही नव्हे,
ते कितीतरी मागे होतं, जिना चढत, धापा टाकत.
हायसं, मी म्हणालो.
"क्या?"
हायसं वाटलं, डॉक्टर.
तो खाली गेला आणि मला हायसं वाटलं.

तिला कळेना. मग श्वास सोडून दाखवला,
विहिरीवरून आणलेला हंडा उतरवल्यावर सोडतात तसा,
हाऽऽ
आणि तो सुटला तो थांबेना.
रडणं म्हणावं, तर आवाज हसण्याचा.
तेव्हाही हसलोच होतो, क्षणभर,
दोरीला लटकून.

तिनं पाणी दिलं. वहीत काही लिहिलं नाही.
पुन्हा बोटं.
आता राग: फोरमनचा, फळीचा, मग खगेंद्रचाच,
हूक लावायला काय झालं होतं रे तुला?
त्याच्या पुढच्या फेरीत दुःख पोचलं.
उशीर झाला म्हणून काही बोललं नाही,
शेजारी बसलं.

"आता किती?"
चार.
चाराचं काय करायचं?
"पुढचा मंगळवार," ती म्हणाली.

बाहेर समुद्राची वाफ टॅक्सीच्या काचेवर.
ड्रायव्हरनं वायपर लावला,
डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे.
मी डोळे मिटून घेतले.
आज एवढंच.