विसरण

आठवीचा वर्ग, आगरवाडा. चंचुपात्रात
मी परमँगनेटचा एक खडा सोडतो.
ढवळायचं नाही, बाकाला धक्का नको.
जांभळा धागा खाली उतरतो,
पाण्यातच त्याचा धूर होतो,
तास संपता संपता सगळं पात्र
आमसुलाच्या सारासारखं.
फळ्यावर लिहितो: जास्तीकडून कमीकडे.

चाचणीत गौतमी मालपेकर लिहिते,
‘विसरण म्हणजे खडा
आपण खडा होतो हे विसरतो.’
प्रश्न दोन गुणांचा.
लाल पेन तिथंच अडलंय.

कारण बांध फुटला त्या वर्षी
आमच्या विहिरीचं पाणी दिवाळीत गोड होतं,
शिमग्याला मचूळ.
मधल्या कुठल्या दिवशी, कुणी सांगावं.
मीठ काही दार वाजवून येत नाही.

आणि भिवाकाका डोक्यावर घमेलं घेऊन मिठागरात उतरायचे
तेव्हा घमेल्याला ठाऊक नव्हतं
आपण गलबतातून आलो ते.
बादली, चावी, परात, बिजागरी,
सगळी इथलीच होऊन बसलीत,
माहेरचं नाव कुणी विचारत नाही.
पगारसुद्धा तसाच आला.
शब्द पार नागपुरापर्यंत पसरला,
पगार मात्र
शेजारच्या घरातही पसरत नाही.
जास्तीकडून कमीकडे, म्हणे.

भिवाकाकांचं काम उलटं.
खाडीनं विसरलेलं मीठ
ते उन्हाला धरून आठवायला लावायचे.
वाफ्यामागून वाफा, पायांनी चिखल तुडवत,
मार्च, एप्रिल, मे.
आठवण ही फुकट होत नाही, बाबा,
तळव्यांना भेगा पडतात.

पर्वरीला नोकरी करणारा माझा भाचा सांगतो,
यंत्राला आधी चित्र ठिपक्याठिपक्यांत विरवायला शिकवतात,
मग त्याच वाटेनं माघारी चालवतात.
म्हटलं, काढ तर आमचं मिठागर, बुजण्याआधीचं.
निघालं. पांढऱ्या राशी देवळाएवढ्या,
आभाळ कॅलेंडरातलं,
आणि राशीजवळ एक माणूस
दोन्ही पायांत बूट घालून उभा.

मी काही बोललो नाही. चित्र छान होतं.

रात्री वीज गेली.
जुन्या खिडकीच्या शिंपल्यांतून चांदणं आलं,
कुठून येतंय ते न सांगता,
टेबलावर, पत्रिकांवर, माझ्या हातावर सारखंच.
बोटांना परमँगनेटचे तपकिरी डाग.
साबणानं जात नाहीत,
लिंबू चोळावं लागतं.

गौतमीला दीड दिला.
मग दीड खोडून दोन.
समासात लिहिलं: खड्याला विचारलंस का?
तेही खोडलं.