इतर

पूर ओसरल्यावर अकराव्या दिवशी
केजाबाई मारबते माझ्या सेतू केंद्रात आली.
पदराला राखेचा वास, पिशवीत सात झेरॉक्स.
म्हणाली, बाबू, माही भट्टी लिही.

साइट उघडायला अर्धा तास गेला.
तोवर ती माझ्या प्रिंटरकडे बघत राहिली
नव्या सुनेकडे बघावं तशी,
काम करते का नुसताच आवाज करते.

उद्योगाचा प्रकार.
बोट लावलं की यादी घसरते :
अगरबत्ती, आइस्क्रीम, पापड, प्लास्टिक,
मसाले, मेणबत्ती, मोबाईल दुरुस्ती.
'म'वर थांबलो. मुरमुरे नव्हते.
चुरमुरे म्हणूनही शोधून पाहिले.
पार तळाशी, खरवडीसारखं चिकटलेलं : इतर.
काकू, म्हटलं, तुम्ही इतर.
म्हणाली, ते तं आमी पयलेपासूनच आहो.

यंत्रसामग्री व तिचे मूल्य.
कढई एक. सासूच्या सासूची, बुडाला दोन ठिगळं.
चाळणी एक. बारका खराटा, हलवायचा.
रेती.
रेतीची किंमत?
वैनगंगेची हाय ना बापा, तिले कोन पैसे देते?
मी शून्य टाकलं.
शून्य चालत नाही, रकाना लाल होऊन ओरडतो.
एक रुपया लिहिला.

वार्षिक उलाढाल.
ती पायलीत मोजायला लागली.
अड्याळच्या बाजारात दोन पोते, पवनीत दीड,
दिवाळीले जास्त, आषाढात भट्टी थंड.
कोनाच्या घरी मयत झाली तं लाह्या वेगळ्या,
त्याचे पैसे आमी घेत नाही.
तेवढी उलाढाल मी गाळली.

नुकसानीचा तपशील, कमाल दोनशे अक्षरे.
दोन रात्री नदी तिच्या भट्टीत मुक्कामाला होती.
सहा पोती धान, उकडून वाळवलेलं.
उकडलेल्या धानाला भिजून कोंब येत नाही,
नुसता वास येतो.
हे शेवटचं वाक्य बसलं नाही.

फोटो काढायला मी तिच्या घरी गेलो.
भिंतीवर छातीएवढी ओल,
आणि चुलीच्या तोंडाशी
गुडघाभर नवी कोरी रेती, पांढरी, बारीक,
जणू कोणी चाळून ठेवलेली.
ते फोटोत घेऊ नको, ती म्हणाली.
म्हनतीन, माल तं भेटलाच हिले.

कार्तिक गेला. पौष गेला.
दर सोमवारी ती खिडकीशी यायची,
मी नंबर टाकायचो, ती ऐकायची :
छाननी सुरू.
एकदा म्हणाली, बाबू, छाननी तं मीबी करतो.
रेती खाली, मुरमुरे वर.
तीन झटके लागते.
तुह्या साहेबाची चाळणी केवढी हाय?

मी हसलो. मग हसू आवरलं,
कारण मागे रांगेत
बांबूवाला नथ्थू होता, कुंभाराची वच्छला होती,
आणि त्यांच्याही पावत्यांवर मीच टाइप केलं होतं
इतर, इतर.

आठव्या महिन्यात पैसे आले. खोटं कशाला बोलू.
बँकेनं गटाचा जुना हप्ता कापला,
कसला तरी विमा कापला,
उरलं त्यात चार पोती धान आलं
आणि कढईला तिसरं ठिगळ.
मधल्या दिवसांत तिनं भट्टी पेटवली होती कधीच,
भावजयीकडून उसनं धान घेऊन.
ते सांगायला अर्जात रकाना नव्हता.

परवा ती डबा घेऊन आली. गरम होता.
माझी फी चाळीस रुपये, तिनं मोजून ठेवली,
मी वीस परत केले, तिनं घेतले नाहीत.
झाकण उघडलं तर सगळ्या केंद्रभर तो वास,
प्रिंटरच्या शाईवर, झेरॉक्सच्या गठ्ठ्यांवर.

जाता जाता वळली.
तू लिवला होता ना रेतीचा एक रुपया?
पुलावरून टाकला आज.
म्हटलं, उधारी नको.