कंपूतला तबेला

"आटा नहीं है, ताई," बन्ने उस्ताद म्हणाले,
आणि माझा तळवा उचलून
सुरमाच्या पाठीवर ठेवला, नुसता.

वरातींचा हंगाम संपलाय.
आयाळीत अजून थोडी चमकी.
ग्वाल्हेरभरच्या एकवीस नवरदेवांचं वजन
खोगिराच्या जागी कुठंतरी
गाठ होऊन बसलंय.

मी शोधते. कातडी थरथरते
माशी बसावी तशी.
मीच ती माशी.

हात हलका करते. आणखी हलका.
आता तो आहे की नाही, मलाच कळेना.
किल्ल्यावरून ऊन उतरतं.
उस्ताद बिडी विझवतात, बोलत काही नाहीत.

मग तिचा खालचा ओठ लोंबतो,
मागचा एक पाय सैल पडतो,
एक लांब फुर्रर्र,
आणि माझ्या बाहीवर शेंबूड.

"अब उधर से," उस्ताद म्हणतात.