पाळ नसलेलं पाणी

पुस्तकला मारबते अंदमानला जाऊन आली,
मत्स्य खात्याच्या अभ्यास दौऱ्यात.
अकरा बाया, दोन साहेब, विमानाचं भाडं सरकारचं.
मी ढिवर संस्थेचा सचिव. मला फक्त अहवाल लिहायचा होता:
दौऱ्याचा उद्देश, दौऱ्याचा लाभ, सही किंवा अंगठा.

ती तलावाच्या पाळीवर जाळं सांधत होती.
सुई न थांबवता म्हणाली,
"पयले तं मी पानी तोंडात घेतलं."
आमच्यात तसंच. नवा तलाव ठेक्यानं घ्यायचा
तर ओंजळभर पाणी जिभेवर ठेवतात.
गाळ कळतो, चिला कळते,
वाघूर टिकेल की नाही तेही.
"थुकलं. मंग लाज वाटली.
एवढ्या मोठ्या पान्यावर कोनी थुकते का?"

मी लिहिलं: पाण्याची तपासणी केली.

किनारा होता दोन कोस, आणि माणूस नाही.
एक कुत्रं, तेही झोपलेलं.
वाळू तांदळाच्या पिठीसारखी.
"पाय ठेवाले जीव नाई झाला.
वाटे, कोनाचं तरी वाळवन हाय."

जंगल थेट पाण्यापर्यंत आलेलं.
आपलं रान उन्हाळ्यात अंगावरचं सगळं उतरवून उभं राहतं,
तिथलं काहीच उतरवत नाही;
झाडावर झाड, त्यावर वेल, वेलीवर शेवाळ,
खाली भर दुपारी दिवेलागण.
"मोहाचं एकबी झाड नाई," ती म्हणाली,
तक्रार नव्हे, पत्ता विचारल्यासारखं.
आणि खाऱ्या चिखलात काही झाडं, मुळं उघडी टाकून,
रोवण्याला उतरलेल्या बाया
लुगडी खोचून उभ्या राहतात तशी.

संध्याकाळी पाणी निघून गेलं.
तिनं तुडुम शोधलं.
कोणी उघडलं? कोणाच्या बांधीत चाललं एवढं?
साहेब हसले. म्हणाले, ओहोटी. चंद्र ओढतो.
"चंद्र तं आपल्या इथंबी हाय."
साहेबाकडे त्याचं उत्तर नव्हतं,
किंवा जेवणाची वेळ झाली होती.
ती पडवीत जागीच राहिली.
रात्री कधीतरी पाणी परत आलं,
नाटक पाहायला गेलेलं पोर घरी येतं तसं,
पाय न वाजवता.

सकाळी होडीतून बेटं दाखवली. एकामागे एक, हिरवीगार.
बाकीच्या बाया फोटो काढत होत्या.
ही पाळ शोधत होती.
"समदीकडं पाहलं. नाई.
मंग एवढं पानी अडवलं कोनं?"
आपल्या तलावाची पाळ कोणत्या पिढीनं बांधली,
माती कुठून आणली, कोण खचून मेलं,
तिच्या बापाला तोंडपाठ होतं.
पाणी आपलं आपण थांबतं,
हे तिला पटलं नाही.

तेव्हापासून तिचं काय चाललंय पाहा.
तलावाच्या मधात उंचवटा आहे,
एक येनाचं झाड, बगळ्यांची घाण.
आम्ही त्याला टेकरा म्हणत आलो. ती म्हणते बेट.
डोंगा वल्हवत जाते, भाताचा डबा घेऊन,
मासोळी धरत नाही, बसते.
आणि काठाशी तिनं एक वेळू रोवलाय,
त्यावर विळ्यानं खुणा.

संस्थेच्या मीटिंगमध्ये लोक खूप हसले. मीही.

पुनवेला मात्र गेलो, मोबाइलचा उजेड घेऊन.
दोघं खुणेकडे बघत बसलो.
चंद्र येनाच्या फांदीत अडकला, सुटला, वर गेला.
एक वाघूर वर येऊन श्वास घेऊन बुडाली.
पाणी होतं तिथंच.
"नाई ओढत," मी म्हणालो.
"ओढत असन," ती म्हणाली,
"आपलं पानी जात नसन."

अहवाल परवा पाठवला.
लाभ या रकान्यात मी खेकडापालन लिहिलं होतं,
ते खोडलं. दुसरं काही सुचलं नाही.
खाली तिनं सही केली, अंगठा नाही, पूर्ण नाव.
अक्षरं ओळ सोडून वर चढली
आणि मी कोरा ठेवलेला रकाना
अर्ध्यापर्यंत भरला.