गायकी

कॉलेजच्या फॉर्मवर मी लिहिलं,
वडिलांचा व्यवसाय : गायकी.
नागपूरचा कारकून चष्मा कपाळावर सरकवत म्हणाला,
वा! कोणतं घराणं?

मागे रांग होती. पंखा बंद होता.
मी म्हटलं, आखर.
त्यानं ते लिहूनही घेतलं.

आखर म्हणजे आमच्या गावाबाहेर
दोन मोहांच्या मधली तुडवलेली जागा.
सकाळी दारोदारची ढोरं तिथं येतात.
माझा बाप, आडकू नेवारे, मोजत नाही,
नुसता बघतो
आणि म्हणतो, वाघाड्याची बांडी नाही आली.

दिवाळीत घरी गेले तेव्हा विचारलं,
बाबा, गायकी हा शब्द आला कुठून?
सर म्हणाले होते, गाय राखतो तो गायकी,
जसा ढोरं राखणारा ढोरकी.
आखर मात्र अक्षरातून आलं की आणखी कशातून,
सर त्यावर खडू फिरवत राहिले.

बाबानं विझलेली बिडी कानामागं ठेवली.
"गाई राखते म्हनून गायकी?
माह्या खांडात तं म्हशीच जास्त होत्या.
अन् त्या पांडुरंग शेंद्र्याच्या बकऱ्या?
त्या कायच्यात गेल्या?"

मग बराच वेळ काही नाही.
टापराची दोरी वळत बसला.

"शब्द कोनं आनला मले का माहीत.
माह्या बापाले बी गायकीच म्हनत.
घरोघरी. माय सुद्धा.
त्याचं नाव लटारू,
हे मले कळलं तो मेल्यावर,
ग्रामपंचायतीच्या दाखल्यावर.
मी त्या बाबूले म्हनलं, हा कोन?"

ढोरामागं वर्षाला दोन पायल्या धान मिळायचं.
आता अकरा ढोरं आहेत,
बाकीच्यांच्या दारात ट्रॅक्टर,
आणि ट्रॅक्टर आपला आपण घरी येत नाही.

संध्याकाळी तळ्याच्या पाळीवरून तो हाक देतो.
तिच्यात एकही अक्षर नाही.
पहिला हेल लांब, दुसरा अर्धाच,
तिसऱ्याची गरज पडत नाही :
बांडी येते, मागून बाकीच्या.

रात्री मी पिशवीतून पावती काढली,
चुलीच्या उजेडात वाचून दाखवली,
"पित्याचा व्यवसाय गायकी, घराणं आखर."
तो हसला, हसता हसता खोकला,
डोळे पुसले, पाणी प्याला,
आणि अगदी गंभीरपणे विचारलं,
"त्याच्यात फी माफ हाये का वं?"