माया

डॉक्टरांनी चिठ्ठीच्या पाठीवर जठर काढलं,
त्यावर पेनाने उभी रेघ.
‘याला स्लीव्ह म्हणतात, उज्ज्वलाताई.’
म्हटलं, बाही. कळलं.
दहीपुलावर तीस वर्षं तेच तर करतेय.

दुसरं चित्र बायपासचं:
वर इवलीशी पिशवी, थेट पुढच्या आतड्याला जोडलेली,
मधला पल्ला टाळून
कुंभात पंचवटीची रहदारी वळवतात तशी.

‘बाहीच करा,’ म्हटलं, ‘पण शिवणीत माया ठेवाल ना?’
ते हसले.
कापलेलं परत लागत नाही.
भुकेची हाक बरीचशी त्याच भागातून येते,
तीही जाईल.

आता चौथा महिना.
मिसळीचे तीन घास, रस्सा तसाच निवतो.
मी माझाच ब्लाउज आत घेतेय,
दोन्हीकडून चार-चार बोटं.
कात्री हाताशी आहे.
जास्तीचं कापड
अजून कापवत नाही.